मतदार साडेपस्तीस लाख, माणसं पावणेपस्तीस लाख? पुण्याच्या नगरसेवकांना खुलं पत्र

प्रति,
पुणे महानगरपालिकेचे नवनिर्वाचित १६५ नगरसेवक व नगरसेविका

विषय: आपल्या प्रभागात नक्की किती माणसं राहतात, याबाबत

स. न. वि. वि.

आधी अभिनंदन. मार्च २०२२ पासून पालिकेत प्रशासक होते. जवळजवळ चार वर्षं ड्रेनेज तुंबलं तरी कोणाच्या दारात जायचं ते आम्हाला कळत नव्हतं. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि ती दारं पुन्हा उघडली. आमच्या प्रभागातल्या एका दारात हे पत्र नेऊन द्यावं असं आधी मनात होतं. पण जे लिहायचं आहे ते एका प्रभागापुरतं नाही, म्हणून सगळ्यांनाच आणि सगळ्यांदेखत लिहिते आहे.

तुमची निवडणूक ज्या प्रभागरचनेवर झाली, ती २०११ च्या जनगणनेवर बेतलेली होती. समाविष्ट गावं धरून ३४ लाख ८१ हजार लोकसंख्या, ४१ प्रभाग, १६५ जागा. म्हणजे एका नगरसेवकामागे सरासरी एकवीस हजार माणसं. आणि मतदार यादीत नावं होती साडेपस्तीस लाखांच्या आसपास. लोकसंख्येपेक्षा मतदार जास्त! त्या यादीत तीन लाखांच्या घरात दुबार नावं असल्याची ओरड झाली होती, ती सगळी वजा धरा. तरी जे उरतात ते सगळे अठरा वर्षांवरचे. अंगणवाडीपासून अकरावीपर्यंतची पोरं त्यात नाहीत. मतदान गावाकडेच ठेवलेला खराडीतला इंजिनिअर नाही, बिहारहून आलेला सेंट्रिंगवाला नाही, नव्या पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेली परभणीची मुलगी नाही. ही सगळी माणसं पाणी पितात, बसमध्ये लटकतात, आजारी पडतात. शहराच्या हिशेबात मात्र ती कुठेच नाहीत.

पुण्यात असलं काही ऐकलं की एखादा टोमणा मारून विषय बदलायची पद्धत आहे. मला ते जमत नाही, कारण या हिशेबाशी माझं रोजचं काम बांधलेलं आहे. मी प्राथमिक शिक्षिका आहे, सिंहगड रस्त्याच्या टोकाकडच्या एका गावात. २०२१ च्या जूनमध्ये २३ गावं पालिकेत आली, त्यात आमचंही आलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेची पाटी बदलली. २०११ च्या जनगणनेत मी याच गावात प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन माणसं मोजणारी, होते. माझ्या गटात तेव्हा कौलारू घरं, दोन चाळी आणि मधे ज्वारीचं रान होतं. हाताने काढलेल्या नकाशात विहीर, मारुतीचं देऊळ आणि बाणांनी दाखवलेली वाट. आज त्या रानावर बारा-बारा मजली इमारती उभ्या आहेत आणि त्यातल्या एकेका इमारतीत, तेव्हा माझ्या अख्ख्या गटात नव्हती तेवढी बिऱ्हाडं आहेत. सरकारी कागदावर मात्र तिथे अजून ज्वारीच पिकते.

प्रचारात तुमच्यापैकी काहींची भाषणं ऐकली. ट्रॅफिक, कचरा, पाणी, सगळ्याला एकच कारण: लोकसंख्येचा स्फोट. टाळ्याही पडल्या. पण भारतात एका बाईला सरासरी किती मुलं होतात, याचा १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा ३.४ होता आणि २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत तो २.० वर आला. महाराष्ट्राचा १.७. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२३ च्या अहवालात तर महाराष्ट्र १.४ वर आहे. पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला २.१ लागतात. त्या रेषेच्या आपण केव्हाच खाली गेलो. २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकलं हे खरं, देशाची संख्या अजून काही दशकं वाढत राहणार हेही खरं, कारण आधीच जन्मलेली तरुण पिढी मोठी आहे. पण त्या वाढीचा दोष पुण्यातल्या पाळण्यांना देऊ नका. पुण्याची लोकसंख्या स्वारगेटला, वाकडेवाडीला आणि रेल्वे स्टेशनवर बॅग घेऊन उतरते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला, पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. कोकणातलं कुलूप लागलेलं घर आणि धायरीतला नवा फ्लॅट ही एकाच हिशेबाची जमा आणि नावे आहे.

जाता जाता एक आठवण करून देते. उमेदवारी अर्जासोबत तुम्हाला अपत्यांची माहिती द्यावी लागली असेल. दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर निवडणूक लढवता येत नाही, हा नियम महाराष्ट्रात २००१ पासून लागू आहे. म्हणजे शासनाने तुमच्या घरातली मुलं अगदी काटेकोर मोजली. तुम्ही ज्यांचे प्रतिनिधी आहात, त्यांना मोजून मात्र पंधरा वर्षं झाली.

१८८१ पासून दर दहा वर्षांनी होणारी जनगणना दोन महायुद्धांतही चुकली नव्हती. ती २०२१ ला चुकली. कोविडचं कारण पहिल्या एक-दोन वर्षांपुरतं पटतं, पुढचं पटत नाही. असो, ते तुमच्या हातात नव्हतं. पण आकडा नसल्यामुळे काय काय होतं, ते तुमच्याच प्रभागात होतं. म्हणून ही गाऱ्हाणी तुमच्यापुढे.

पहिलं रेशनचं. अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रातल्या शहरी भागातल्या ४५.३४ टक्के लोकांना धान्य मिळेल असं ठरलं आणि माणसं धरली २०११ ची. साऱ्या राज्याचा इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त किती जणांना धान्य द्यायचं तो आकडा, ७ कोटी १६ हजार. तो तिथेच खिळला आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई घरकाम करते, नवरा रंगकाम. कार्ड आहे, पण धान्य सुरू होत नाही. "इष्टांक शिल्लक नाही" एवढंच उत्तर मिळतं. शिल्लक कधी होणार? कोणी मेलं, कोणी गाव सोडलं आणि ते नाव कमी झालं तर. हे त्या बाईला मीच समजावून सांगितलं आणि सांगताना माझी मलाच लाज वाटली. बाहेरच्या राज्यातल्या कार्डावर इथे धान्य उचलता येतं ही सोय चांगली आहे, पण ज्याला कार्डावर धान्यच सुरू झालेलं नाही त्याला तिचा काय उपयोग?

दुसरं पाण्याचं, आणि इथे मी जरा थांबणार आहे. शहराला पाणी माणशी ठरतं. भुयारी गटारं असलेल्या शहराला दरडोई रोज १३५ लिटर, असा देशाचा निकष आहे. एकदा निकष ठरला की उरतो फक्त गुणाकार, आणि तिथेच गाडी अडते, कारण माणसं किती हे पालिका एक सांगते आणि पाटबंधारे खातं दुसरं मानतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून २९ टीएमसीच्या आसपास साठा. त्यातलं शहराला किती आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला किती, यावर दरवर्षी कालवा समितीत घासाघीस होते. मोजलेला आकडा दोघांकडेही नाही. घासाघिशीत हरतो तो टोकाला राहणारा. वाघोलीत, आमच्याकडे, समाविष्ट गावांतल्या कितीतरी सोसायट्यांत टँकर हा मासिक खर्चातला कायमचा आकडा होऊन बसला आहे.

आणि नुसतं कमी पाणी असतं तर सोसलं असतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी या पट्ट्यात गुलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडायला लागले. बघता बघता दोनशेच्या वर गेले, काही दगावले. हातापायातली ताकद गेलेली माणसं आमच्या ओळखीची होती. धरणाच्या इतक्या जवळ राहून या गावांना शुद्धीकरण केंद्रातलं पाणी नव्हतं, विहिरीच्या पाण्यात क्लोरिन टाकून ते घरोघर जात होतं. गावं पालिकेत आली २०१७ आणि २०२१ ला. इतकी माणसं हे पाणी पितात, हे कुठल्याच फायलीत ठळक लिहिलेलं नसेल तर जलवाहिनी पुढच्या वर्षावर ढकलणं सोपं जातं.

पण त्याच साथीत एक गोष्ट सिद्ध झाली. आरोग्य कर्मचारी घरोघर फिरले. घरात किती माणसं, वयं काय, पाणी कुठलं पिता, सगळं लिहून घेतलं. हजारो घरं त्यांनी पाहिली. म्हणजे मनात आणलं तर मोजता येतं. आजार येईपर्यंत थांबायचं नाही, एवढंच शिकायचं आहे.

शाळांचं गाऱ्हाणं मी लांबवत नाही, माझ्याच पेशाचं आहे म्हणून. मध्यवस्तीतल्या मराठी शाळांत पटासाठी शिक्षक दारोदार फिरतात आणि आमच्याकडे एका बाकावर तीन मुलं बसतात. जन्मदर घटला आणि तरुण जोडपी कडेच्या गावांत गेली, या दोन गोष्टी एकदम झाल्या की असंच होणार. वर्गखोल्या मात्र होत्या तिथेच राहिल्या.

आणि म्हातारे. पेन्शनरांचं पुणे ही जुनी थट्टा आहे. आता ती थट्टा राहिलेली नाही. २०११ मध्ये महाराष्ट्रात साठीपुढचे ९.९ टक्के होते. देशाचा आकडा तेव्हा ८.६ होता आणि सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञगटाच्या अंदाजाने २०३६ मध्ये तो १५ टक्क्यांजवळ जाईल. कोथरूड, सहकारनगर, पेठा, इथल्या जुन्या तीन मजली इमारती पाहा. लिफ्ट नाही, मुलगा अमेरिकेत, मुलगी बंगळुरूला, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गुडघ्यांमुळे महिनामहिना खाली उतरलेल्या नाहीत. या काकूंसाठी आपण काय केलं? विरंगुळा केंद्र बांधलं, बाकडी टाकली, बाकड्यांवर नाव घातलं. काकूंना तिथवर पोचता येतं का, कोणी विचारलं नाही. एका प्रभागाला घरी येणारी परिचारिका हवी आहे, दुसऱ्याला आणखी अंगणवाड्या, तिसऱ्याला कामगारांसाठी संध्याकाळी उघडा राहणारा दवाखाना. सगळीकडे कमान आणि पेव्हर ब्लॉक का? कारण 'स' यादीतल्या, म्हणजे नगरसेवकाच्या निधीतल्या, कामाला वय विचारावं लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. जनगणना येते आहे. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या मुदतीत, राज्याने निवडलेल्या तीस दिवसांत, आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. या वेळी सगळं मोबाइलवर, स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय, आणि जातीची नोंदही होणार आहे. केंद्राने ११,७१८ कोटी रुपये मंजूर केले आहेत. सगळं छान आहे. तरीही पुण्यात ही मोजणी चुकू शकते, आणि कुठे चुकेल ते मी गटात फिरलेली असल्यामुळे सांगू शकते.

बांधकामाच्या साइटवर चुकेल. पत्र्याच्या खोल्यांत राहणारी माणसं दिवसभर स्लॅबवर असतात आणि मुकादम म्हणतो, "इथं कोणी नाय राहत, मॅडम." त्याला भीती असते ती कामगारांची नोंद नसल्याची. दोन महिन्यांनी ती माणसं दुसऱ्या साइटवर जातात आणि तिथला प्रगणक समजतो की आधीच्या ठिकाणी मोजली गेली असतील.

कॉट बेसिसवर चुकेल. एका खोलीत सहा खाटा, मालक खाली राहतो. तो सांगतो की पोरं नात्यातली आहेत, आलीत चार दिवस. का? तर स्वतःच्या राहत्या घराला मिळकत करात जी ४० टक्के सवलत मिळते, ती भाडेकरू दाखवले तर जाईल म्हणून. प्रगणक आणि करवसुलीवाला यांत सामान्य माणूस फरक करत नाही, दोघांच्याही हातात यादी असते. जनगणना कायदा १९४८ चं कलम १५ सांगतं की ही माहिती गोपनीय आहे, कुठल्या कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाही. हे किती घरमालकांना ठाऊक आहे? आणि त्या पोरांचे आईवडील गावाकडे कुटुंब सांगताना त्यांचीही नावं देऊन टाकतात. मग आपला खर्च पुण्यात आणि संख्या परभणीत.

तिसरी जागा तुम्हाला आश्चर्याची वाटेल: मोठ्या सोसायट्या. चाळीत मला चहा मिळायचा. गेटवर आता अ‍ॅपवरून परवानगी लागते आणि अकराव्या मजल्यावरून "नॉट इंटरेस्टेड" येतं. एका प्रगणकाकडे साधारण सातशे-आठशे माणसांचा गट असतो. त्यातली निम्मी दारं उघडलीच नाहीत तर तो कुलूपबंद घर लिहून पुढे जातो. त्याचाही इलाज नसतो, सकाळी त्याला शाळा असते.

शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना ज्या मोजक्या कामांना लावता येतं, त्यात जनगणना आहे. मी ते आनंदाने करीन. खिचडीचा हिशेब आणि कसल्या कसल्या ऑनलाइन माहित्या भरण्यापेक्षा हे काम केव्हाही मोलाचं आहे. पण फेब्रुवारी म्हणजे परीक्षांचे दिवस, आणि पुण्यात हे काम एकट्या प्रगणकाच्या जिवावर होणार नाही.

म्हणून या मागण्या. यातल्या बऱ्याचशांना दमडीचा खर्च नाही.

१. मुख्य सभेत ठराव करा की २०२७ चे आकडे येईपर्यंत पालिका दरवर्षी प्रभागवार लोकसंख्येचा अंदाज मराठीत जाहीर करेल. नळजोड, मिळकती, शाळांचा पट, जन्म-मृत्यू नोंदी, मतदार हे सगळं पालिकेच्या हाताशी आहे. अंदाज कसा काढला तेही लिहा, म्हणजे पाटबंधारे खात्याशी भांडताना हातात काहीतरी असेल आणि आम्हालाही तपासता येईल.

२. बांधकाम परवानगी पालिकाच देते, तेव्हा साइट कुठे चालू आहे हे पालिकेला कळतंच. चालू साइटची आणि तिथल्या कामगार वस्तीची यादी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने जनगणनेच्या चार्ज अधिकाऱ्याला द्यावी. मोजणीच्या वेळी मुकादमाने हजर राहायचं, ही अट परवानगीतच घाला.

३. जनगणनेत भाडेकरू सांगितल्याने कोणाचाही मिळकत कर बदलणार नाही, असं पालिकेने लेखी जाहीर करावं. तो मजकूर कराच्या बिलामागे छापा, बिल सगळे वाचतात.

४. तुमच्या प्रभागातल्या सोसायट्यांच्या अध्यक्ष-सचिवांची बैठक तुम्ही घ्या. गणपतीच्या वर्गणीला जी दारं उघडतात ती कोणाच्या शब्दावर उघडतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. वसतिगृहं, अभ्यासिका, मेस इथे फलक लावा: राहता इथे, तर नाव इथेच.

५. बेघरांची मोजणी एका रात्रीत होते. २०११ ला ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती, मी पुलाखाली बॅटरी घेऊन फिरले आहे. त्या रात्री माणसं कुठे झोपतात हे तुमच्या कार्यकर्त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. ती ठिकाणं आधी कळवा आणि बाईमाणूस प्रगणक असेल तर सोबत द्या.

६. समाविष्ट ३२ गावांच्या पाण्याचा निधी माणशी वाटा. 'स' यादीचा पैसा सगळ्यांना सारखा मिळतो, माणसं सारखी नाहीत. आमच्याकडच्या प्रत्येक विहिरीचा आणि टँकर भरण्याच्या जागेचा पाणी तपासणी अहवाल दर महिन्याला गावात लावा. यासाठी जनगणनेची वाट बघायची गरज नाही.

७. २०११ ची स्थलांतराची सविस्तर कोष्टकं बाहेर यायला २०१९ उजाडलं होतं. या वेळी पुण्याचे प्रभागवार आकडे, वय आणि कुठून आले यासकट, लवकर मिळावेत असं पत्र मुख्य सभेने जनगणना संचालनालयाला आत्ताच द्यावं.

शेवटी एक स्पष्टच सांगते, कारण या विषयावर बोलायला लागलं की लगेच कोणीतरी 'बाहेरचे' हा शब्द काढतो. माझे आजोबा साताऱ्याहून आले होते. तुमच्यातले किती जण तीन पिढ्यांपूर्वी पुण्याचे होते, हे तुमचं तुम्ही मोजा. जनगणनेत जन्मस्थान विचारतात ते शाळा कुठे बांधायची हे कळावं म्हणून. कोणाला हाकलायचं हे ठरवायला नाही. हा विषय सभागृहात निघेल तेव्हा तो त्या वळणाला जाऊ देऊ नका.

वरच्या सातपैकी काय करणार आणि काय नाही, याचं उत्तर घरयादी सुरू होण्याआधी मुख्य सभेत द्या आणि ते इतिवृत्तात येऊ द्या. "पाहू", "पाठपुरावा करू" ही उत्तरं नकोत. जे जमणार नाही ते का जमणार नाही, तेवढं सांगितलं तरी चालेल.

कळावे,

आपली,
एक शिक्षिका, २०११ ची प्रगणक
सिंहगड रस्ता, पुणे